गॅसची तिसरी स्ट्रिप लिहिण्याआधी: कोकणातल्या डॉक्टरांना एका टेलरबाईचं खुलं पत्र

आदरणीय डॉक्टरमंडळी,
सप्रेम नमस्कार.

झाईपासून रेडीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जे दवाखाने आहेत, त्यांत बसणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र. कुणी एमबीबीएस असाल, बरेचसे बीएएमएस, काही बीएचएमएस. आमच्या गावच्या माणसाला त्यातला फरक कळत नाही, आणि खरं सांगायचं तर रात्री दोन वाजता मूल तापाने फणफणतं तेव्हा तो कळून उपयोगही नसतो. तेव्हा दार उघडतो तो डॉक्टर. त्यामुळे अंडाशयाच्या कॅन्सरबद्दलचं हे पुढचं सगळं तक्रार म्हणून वाचू नका. थोडी तक्रार आहे, पण ती माझ्याबद्दलही आहे.

मी मालवण तालुक्यात गेली सव्वीस वर्षं ब्लाउज शिवते. दुकान म्हणजे एसटी स्टँडच्या मागची दहा बाय आठची खोली, दोन मशिनी आणि मापाच्या अकरा वह्या. जुनी वही मी टाकत नाही. बाईचं लग्नातलं माप, पहिल्या बाळंतपणानंतरचं, पाळी गेल्यानंतरचं, सगळं एकाखाली एक असतं. तुमच्याकडे केसपेपर असतो. गावात तो बहुतेक वेळा पेशंटच्या पिशवीत, नाहीतर चुलीपाशी असतो. माझी वही मात्र दुकानातच राहते.

त्या वहीतल्या दोन ओळी सांगते. माझ्या थोरल्या जावेच्या, आम्ही तिला वयनी म्हणतो. वय तेव्हा 58, पाळी जाऊन सात वर्षं झालेली. दोन वर्षांपूर्वी श्रावणात तिच्यासाठी गौरीचा ब्लाउज आणि एक गाऊन शिवला. छाती 38, दंड 13, पोट 37. मग मार्गशीर्षात तिच्या भाच्याचं लग्न निघालं. छाती साडेछत्तीस, दंड साडेअकरा, पोट 41.

बाई जाड होते तेव्हा दंडही भरतो. बारीक होते तेव्हा पोटही थोडंफार उतरतं. दंड दीड इंच उतरला आणि पोट चार इंच वाढलं, असं माप सव्वीस वर्षांत मी क्वचितच लिहिलं असेल. लिहिताना माझा हात थांबला होता, हे पक्कं आठवतं. पण मी काय केलं? ब्लाउजला दंडात टीप मारली, परकराचा नेफा उसवून लांब नाडी घातली, आणि वयनीला म्हटलं, "भात कमी कर गो वयनी." ती म्हणाली, "भात खातंय खय? दोन घावने खाल्लंय, तर गळ्यापर्यंत इला."

हे वाक्य तिने तुमच्यातल्या एकालाही सांगितलं होतं. गणपतीच्या आधी. त्यांनी पोटाची गोळी दिली, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. पंधरा दिवस बरं वाटलं, की तिला तसं वाटलं. मग रात्रीत चार-चार वेळा लघवीला उठायला लागली, तेव्हा "उन्हाळी लागली असेल" म्हणून लघवीची तपासणी, पाच दिवसांचं औषध. लघवीचा रिपोर्ट स्वच्छ होता, औषध तरी झालं. मग पोट साफ होईना म्हणून चूर्ण. मग "ह्या वयात असं होतं." घरी ओवा, हिंग, पोटाला एरंडेल, ते आमचं आम्ही चालूच ठेवलं होतं. मुंबईचा मुलगा फोनवर म्हणायचा, आई, तेलकट बंद कर. थोडक्यात, पाच महिने प्रत्येकाने एकेक गोष्ट बघितली. पोट एकाने, लघवी दुसऱ्या खेपेला, बद्धकोष्ठ तिसऱ्या खेपेला. सगळं एकाच बाईचं होतं, आणि एकाच ओटीपोटातून येत होतं, हे कुणी जोडून बघितलं नाही. मापं माझ्याकडे होती, त्यामुळे मी तर बोलायलाच नको.

माघी गणपतीच्या सुमारास तिला पायऱ्या चढताना दम लागला, तेव्हा सोनोग्राफी झाली. पोटात पाणी आणि डाव्या अंडाशयावर गाठ. अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय आला की रक्तातली सीए-125 ही तपासणी करतात, तिचा आकडा आला तो हजाराच्या वर. मग परळ.

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये आम्ही किती दिवस काढले ते मोजत नाही. एका दुपारी तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. मी टेलर आहे म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं असावं. म्हणाल्या, अंडाशयाच्या शेजारी बीजवाहिनीचं टोक असतं, त्याला झालर असते. अंडाशयाच्या कॅन्सरचा हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार पुष्कळदा त्या झालरीतच सुरू होतो, असं आता मानतात. तिथून सुटलेल्या पेशी पोटातल्या पाण्याबरोबर फिरतात आणि वर आतड्यांपुढे चरबीचा जो पडदा लोंबतो, तीही एक झालरच, तिच्यावर जाऊन बसतात. ती झालर घट्ट होते, पाणी साठतं, जठराला फुगायला जागा उरत नाही. म्हणून दोन घावन्यांत गळ्यापर्यंत. खाली मूत्राशय दाबलं जातं, म्हणून रात्रीच्या खेपा.

पाच महिन्यांची आमची चार वेगवेगळी दुखणी त्या एका कागदावर मावली.

या आजाराला "मूक" म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. वयनीचा आजार पाच महिने बोलत होता, तोही चांगल्या मालवणीत. बार्बरा गॉफ नावाच्या अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली हेच मांडलं: पोट फुगणं किंवा वाढणं, पोटात किंवा ओटीपोटात दुखणं, लवकर पोट भरणं किंवा खाववत नसणं, आणि लघवीची घाई किंवा वारंवारता. यातल्या पहिल्या तिन्हींतलं काहीही वर्षभराच्या आत नव्याने सुरू झालेलं आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर संशय घ्यावा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2011 साली तिथल्या साध्या फॅमिली डॉक्टरांसाठी जी सूचना काढली, तिच्यातही हीच लक्षणं आणि हाच बाराचा आकडा आहे. विशेषतः पन्नाशीच्या पुढच्या बाईत सीए-125 करा, 35 किंवा त्याहून जास्त आला तर पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करा, आणि पोटात पाणी किंवा गाठ हाताला लागली तर रक्ताच्या रिपोर्टची वाटही न बघता तज्ज्ञांकडे पाठवा. आणखी एक वाक्य त्यात आहे, ते मला फार महत्त्वाचं वाटतं: पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आयबीएससारखा, म्हणजे आतड्यांच्या चिवट विकारासारखा, त्रास सुरू झाला, तर त्याला आयबीएस म्हणण्याआधी हे तपासा, कारण त्या वयात आयबीएस सहसा नव्याने सुरू होत नाही.

हे तुम्हाला शिकवायची माझी लायकी नाही. तुम्ही हे वाचलेलं असणार. माझं म्हणणं एवढंच, की वाचलेलं आणि समोरच्या लुगड्यातल्या बाईचं म्हणणं यांची गाठ पडत नाही, कारण आमच्या बायका पुस्तकातल्यासारखं सांगत नाहीत. कुणी तुम्हाला "लवकर पोट भरतं" असं म्हणणार नाही. ती म्हणेल, गॅस झालो. वात धरलो. जेवणात मन नाय. तुम्ही विचारलंत "लघवीला त्रास?" तर बाहेरच्या बाकावर दीर बसलेला असतो, मध्ये नुसता पडदा असतो, ती "नाय" म्हणून मोकळी होते. म्हणून जरा आडून विचारा. आधी ताटात भात किती घ्यायचीस, आता किती घेतेस? रात्री किती वेळा उठतेस? परकराची नाडी पुरते का? सकाळी उठल्यावर तरी पोट खाली असतं का? गॅसचं पोट चढतं-उतरतं, सकाळी बरं असतं. वयनीचं सकाळीही तेवढंच असायचं. आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर गेलं का, हे तर विचाराच. ते सांगायची आमच्याकडे सगळ्यांत जास्त लाज आहे.

मग तिला टेबलावर झोपवा आणि पोटावर हात ठेवा. पाच महिन्यांत वयनीच्या पोटावर एकदाही हात पडला नव्हता. गर्दी असते, मी जाणते, सोमवारी तर बाजाराचा दिवस. शक्य असेल तर बेंबीवरून टेप लावून केसपेपरवर इंच लिहून ठेवा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा लावा. साठ इंची टेप शिवणाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. वजन वाढलं नाही आणि पोट वाढलं, तर ती चरबी नसते एवढं तर माझ्यासारखीलाही कळतं, फक्त वेळेवर कळलं पाहिजे.

सोनोग्राफी लिहिताना नुसतं "पोट" लिहू नका. ओटीपोटासकट लिहा, आणि शक्य तिथे योनिमार्गातून करायची सोनोग्राफी सुचवा. ती अंडाशय जास्त जवळून दाखवते. सीए-125 च्या आकड्याबद्दल परळच्या रांगेत बायकांचे जे गैरसमज ऐकले, त्यातले निम्मे त्यांना गावच्या दवाखान्यातून मिळाले होते. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही. पाळी चालू असताना, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढतं तो आजार), फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या साध्या गाठी), लिव्हरच्या आजारात आणि पोटाच्या टीबीतही तो वाढतो. पोटाचा टीबी तर हुबेहूब असाच दिसू शकतो, पाण्यासकट, म्हणून नुसत्या आकड्यावरून बाईला मरणाची तारीख सांगू नका, आणि नुसत्या अंदाजाने टीबीच्या गोळ्याही सुरू करू नका. पोटातलं पाणी तपासायला पाठवा. उलट बाजूने, आकडा 35 च्या आत आला म्हणजे सुटलो असंही नाही. आजार अंडाशयापुरताच असतो तेव्हा जवळपास निम्म्या बायकांत हा आकडा वाढलेलाच नसतो. त्रास चालू राहिला तर तिला परत बोलवा, "नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवून फाइल बंद करू नका. आम्हाला या तपासणीचे नऊशे रुपये पडले. माझ्या भाषेत अस्तराच्या तीन ब्लाउजची शिलाई. पाच महिन्यांच्या गोळ्यांना त्याहून जास्त गेले होते.

तरण्या मुलींनाही अंडाशयाच्या गाठी होतात, त्या वेगळ्या जातीच्या असतात आणि त्यांच्या रक्ताच्या तपासण्याही वेगळ्या. त्यातल्या बऱ्याच पूर्ण बऱ्या होतात, एवढं सांगून पुढे जाते.

आता दोन खोट्या धीरांबद्दल. पहिला शिबिराचा. सरकारी तपासणीत तिशीपुढच्या बायकांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख तपासतात. फार चांगलं काम आहे, आशाताई त्यासाठी घरोघर पायपीट करतात. पण त्या मुखाच्या तपासणीत, किंवा पॅप स्मिअरमध्ये, अंडाशय दिसत नाही. वयनी तपासून आलेली होती. "माझा सगळा नॉर्मल आसा" असं ती मला त्या वर्षी दोनदा म्हणाली. कृपा करून त्या चिठ्ठीवर नाहीतर तोंडी तरी सांगत जा, की ही तपासणी अमक्याची आहे, तमक्याची नाही.

दुसरा धीर पिशवीचा. आमच्याकडे किती बायकांची पिशवी काढलेली आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्या समजतात, पिशवी गेली म्हणजे खालचं सगळं गेलं, आता तिथला कॅन्सर कुठून होणार. पण गर्भाशय काढताना अंडाशयं पुष्कळदा तशीच ठेवलेली असतात. पोट फुगलेल्या बाईने "पिशवी काढलीय" म्हटलं, तर जुना ऑपरेशनचा कागद शोधायला सांगा. कागद नसेल तर अंडाशयं आहेत असं धरून चाला.

कुणी म्हणेल, मग सगळ्याच बायकांची दरवर्षी सीए-125 करून टाकू. तेही नको. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं हेच करून बघितलं, आणि 2021 साली निकाल आला की काही त्रास नसलेल्या बायकांची अशी सरसकट तपासणी करून मृत्यू कमी झाले नाहीत. खोट्या घंटेपायी ज्यांची निष्कारण ऑपरेशनं होतात, त्या वेगळ्याच. म्हणजे चाळणी लावून हा आजार पकडता येत नाही. जी बाई स्वतःच्या पायाने येऊन काहीतरी सांगते, तिचं ऐकणं एवढाच रस्ता उरतो, आणि तो तुमच्या दवाखान्याच्या पायरीवरून जातो.

मात्र घरात कुणाला झाला होता का, हे विचाराच. आई, बहीण, मावशी, आणि विसरू नका, आत्या आणि वडिलांची आईसुद्धा. स्तनाचा किंवा अंडाशयाचा. हा धोका वाढवणारा, बीआरसीए नावाच्या जनुकांतला दोष बापाकडूनही तितकाच येतो. वयनीला विचारलं तेव्हा आठवलं, तिची आत्या "पोटात पाणी होऊन" गेली होती. आता कुणाला ठाऊक ते काय होतं. तिच्या दोन मुलींना परळला समुपदेशनासाठी बोलावलं, एक गेली, एक अजून घाबरते.

गाठ दिसली, की पुढे काय करायचं यात एक घाई घातक ठरू शकते. अंडाशयापुरत्या संशयित गाठीत सुई घालून पाणी ओढू नका, आणि जवळच्या नर्सिंग होममध्ये "गाठ काढून टाकू, मग बघू" असंही करू नका. गाठ फुटली तर आत असलेलं बाहेर सांडतं. पहिलं ऑपरेशन स्त्रियांच्या कॅन्सरच्या सर्जनच्या हातून व्हायला हवं. कापड एकदा चुकीचं कापलं गेलं की मी कितीही जोडलं तरी जोड दिसतो. सिंधुदुर्गातले पुष्कळ लोक गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात जातात, रत्नागिरीतले डेरवणच्या, बाकीचे परळ-खारघरला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमो त्यात आहेत. हे आम्हाला परळच्या फुटपाथवर एका चिपळूणच्या माणसाने सांगितलं, रेशनकार्ड गावी राहिलं होतं आणि दीर परत येऊन ते घेऊन गेले. तुमच्या चिठ्ठीच्या पाठीमागे "रेशनकार्ड, आधारकार्ड बरोबर न्या" एवढ्या चार शब्दांनी आमची एक फेरी वाचली असती.

भारतात 2022 साली या आजाराच्या सुमारे 47 हजार नव्या बायका आणि जवळपास 33 हजार मृत्यू, असा जागतिक कर्करोग नोंदीचा अंदाज आहे. स्तन आणि गर्भाशयमुखानंतर आपल्याकडच्या बायकांत याचाच नंबर. आजार अंडाशयापुरता असताना सापडला, तर पाच वर्षांनी दहातल्या नऊ बायका हयात असतात; लांबवर पसरल्यावर सापडला तर तीनेक. हे अमेरिकेतले आकडे आहेत, कोकणातले कुणी वेगळे मोजले असतील तर मला ठाऊक करून द्या. लवकर सापडला की सगळं भागतं असंही मी म्हणत नाही, काही गाठी धावतातच. पण पाच महिने हे पाच महिने असतात.

कोकणातला डॉक्टर खाटेशी बसून काय करू शकतो, ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी सगळ्या जगाला दाखवलं आहे. आमच्या लहानपणी विंचू चावला की माणूस जायचा. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून, नाडी आणि रक्तदाब बघत, प्राझोसिनची साधी गोळी लागू पडते हे शोधलं, आणि ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या नामांकित मासिकात छापून आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे तेव्हा काही मोठी यंत्रं नव्हती. समोरच्याकडे बघत बसले होते.

ज्यांच्याकडे वयनी गेली होती, ते डॉक्टर वाईट नाहीत. माझ्या सासऱ्यांना त्यांनीच दोनदा वाचवलंय. परळहून आल्यावर मी त्यांच्याकडे रिपोर्ट घेऊन गेले, भांडायचं ठरवून. त्यांनी सगळे कागद वाचले, जुनी गोळ्यांची चिठ्ठी बघितली, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "पोट कधीपासून वाढत होतं, सांगता येईल?" मी पिशवीतून वही काढून पुढे ठेवली. आता त्यांच्या टेबलावर, बीपीच्या मशिनीशेजारी, पिवळा टेप असतो.

वयनीचं सहा केमो आणि मध्ये मोठं ऑपरेशन झालं. बेंबीच्या वरून खालपर्यंत उभी शिवण आहे, टाके सारख्या अंतराचे, मी बघून घेतले. केस परत आलेत, आधीपेक्षा कुरळे. मागच्या रविवारी गौरीच्या ब्लाउजसाठी माप द्यायला आली होती: छाती 36, दंड 12, पोट 34. "नाडी आता आखूड घाल," म्हणाली. दर तीन महिन्यांनी सीए-125 करतो. गेल्या खेपेला आकडा थोडा वर गेलाय, 35 च्या आतच आहे, पण वर गेलाय. परळला 18 तारखेला बोलावलंय. कोकणकन्येची तिकिटं अजून वेटिंगवर आहेत.

आपली,
मालवण तालुक्यातली एक टेलरबाई